थांबता येतं का? गुलमर्गला स्की करायला निघालेल्या सोलापूरकरांसाठी

संक्रांत झाली, गड्डा उठला, की त्यानंतर काश्मीरला निघणाऱ्यांना बर्फाचा चांगला काळ सापडतो. जानेवारीचे शेवटचे दिवस आणि फेब्रुवारी हा गुलमर्गचा भर हंगाम. सहलीच्या कार्यक्रमात ‘स्कीइंग’ अशी एक ओळ असते: बूट-स्की भाड्याने घ्यायचे, गाइडचा हात धरून दोन-चार फेऱ्या मारायच्या, फोटो काढायचे, झालं. काही जण मात्र आठवड्या-दोन आठवड्यांचा वर्ग लावून नीट शिकायला जातात. दोघांनाही सांगायची गोष्ट एकच आहे. ज्या उतारावर आपल्याला स्वतःहून, कोणी न धरता थांबता येतं, त्याच्या वर जायचं नाही.

नवख्या माणसाला धास्ती असते ती हिमस्खलनाची. पण तो जिथे असतो त्या खालच्या सौम्य उतारावर प्रत्यक्षात घडतं ते वेगळंच: वेग आवरला नाही म्हणून दुसऱ्यावर आदळणं आणि पडताना गुडघा पिळवटणं. ताशी ३० किलोमीटर हा रस्त्यावर किरकोळ वेग वाटतो. बर्फावर तो सेकंदाला आठ मीटरपेक्षा जास्त पडतो. समोर कोणी आलंय हे डोळ्यांना कळून पाय हलेपर्यंत एक सेकंद सहज निघून जातो, आणि पायाखाली ब्रेकचं पेडल नसतं.

ब्रेक म्हणजे स्नोप्लाऊ. तिथले इन्स्ट्रक्टर त्याला पिझ्झा म्हणतात. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणायची, पण एकमेकींवर चढू द्यायची नाहीत, मध्ये वीतभर जागा ठेवायची. मागची टोकं बाहेर ढकलायची. गुडघे थोडे वाकवून दोन्ही स्कींच्या आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. जितकं रुंद पसरू आणि जितक्या कडा दाबू तितका वेग कमी. हे सांगायला सोपं आहे. चुकतं ते एका ठिकाणी: उतार दिसला की भीतीने अंग मागे झुकतं. वजन मागे गेलं की स्कीचा पुढचा भाग हलका होतो, तो बर्फाला धरत नाही, वळण बसत नाही, आणि जी भीती होती तेच घडतं, वेग वाढतो. म्हणून नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर सतत टेकलेली हवी. हात पुढे, स्वतःच्या डोळ्यांना दिसतील असे. नजर स्कीच्या टोकाकडे नको, दहा-पंधरा मीटर पुढे हवी.

गाइडला सांगावं की मला हाक मारून थांबवा. त्याने कुठेही, कधीही ‘रुको’ म्हटलं की दोन-तीन मीटरच्या आत थांबायचं. डावीकडे वळून थांबता आलं, उजवीकडे वळून थांबता आलं, ओळीने पाच वेळा जमलं, तर त्याच उतारावर थोडं वरून सुरुवात करावी. एका बाजूलाच वळता येत असेल तर अजून जमलेलं नाही. गाइड समोर उलटा घसरत आपल्या काठ्या धरून खाली नेतो, त्यात मजा येते. पण तेव्हा ब्रेक त्याच्या पायात असतो, आपल्या नाही. अशा फेरीवरून स्वतःच्या तयारीचा अंदाज बांधू नये.

पडणंही शिकावं लागतं. आता वाचत नाही असं वाटलं तर बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला पडायचं, नितंबाच्या कडेवर. मागे बसकण मारायची नाही. गुडघ्याच्या आतलं एसीएल नावाचं अस्थिबंधन तुटण्याची स्कीमधली ठरलेली रीत अशी: माणूस मागे कलतो, कंबर गुडघ्यांच्या खाली जाते, सगळा भार खालच्या बाजूच्या स्कीच्या मागच्या टोकावर येतो, आणि ती कड बर्फात रुतून पाय आत पिळते. तेव्हा माणूस एक तर बसायला बघतो नाहीतर घसरत असतानाच उठायला बघतो, दोन्हींत गुडघा जातो. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही, पाय जवळ आणायचे, हात पुढे ठेवायचे. हाताने बर्फ रोखायला जाऊ नये. काठीचा पट्टा मनगटात अडकलेला असताना हात टेकला तर अंगठ्याच्या मुळाचं बंधन फाटतं. स्की करणाऱ्यांत ही दुखापत नेहमीची आहे.

आता भाड्याच्या दुकानात वळू, कारण अर्धी सुरक्षितता तिथेच ठरते आणि तिथेच सगळ्यात घाई असते. स्कीवर बूट ज्यात अडकतो त्या कळीला बाइंडिंग म्हणतात. पाय पिळला गेला की तिने बूट सोडून द्यावा, यासाठी तिच्यात स्प्रिंग असते. तिची ताकद दाखवणारा आकडा, म्हणजे डिन, पुढच्या आणि मागच्या भागावरच्या छोट्या खिडकीत दिसतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि माणूस किती जोरात स्की करतो यांवरून तक्त्यात बघून लावायचा असतो. तळव्याची लांबी बुटाच्या टाचेजवळ बाजूला मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३०५. ७० किलोच्या, मध्यम उंचीच्या, चाळिशीच्या आतल्या नवशिक्याला हा आकडा साधारण पाचच्या आसपास येतो. पन्नाशी ओलांडली की तक्त्यात एक पायरी खाली यायचं असतं. लहान मुलांचा आकडा फारच कमी असतो. दुकानात आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहिलेला असू शकतो. तो सात-आठ असेल आणि घालणारी व्यक्ती ५० किलोची असेल, तर पडल्यावर स्की सुटणार नाही, गुडघा सुटेल. ‘घट्ट केलंय, काळजी नको’ हे उत्तर इथे चालत नाही. खिडकीत चारही आकडे वाचावेत, डावी-उजवी सारखी आहेत का बघावं, आणि नसतील तर दुकानदाराला स्क्रूड्रायव्हर घ्यायला लावावा. संकोच करू नये.

त्याच वेळी बाइंडिंगच्या दोन्ही बाजूंचे ब्रेकचे दांडे पाहावेत. बूट निघाला की ते खाली उघडून बर्फात रुतले पाहिजेत. वाकलेले किंवा गंजून अडकलेले असतील तर ती स्की परत करावी. सुटलेली स्की उतारावरून भाल्यासारखी जाते आणि खाली लेकरं खेळत असतात.

बूट घेताना नेहमीच्या मापाची चप्पल-बुटांची सवय विसरावी. माप सेंटिमीटरमध्ये असतं. पाऊल २६ सेंटिमीटर तर बूट २६. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकीच टेकावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरावीत, आणि टाच जागची उचलली जाऊ नये. सैल बूट आरामाचा वाटतो, पण पाऊल आत फिरलं की स्की वळत नाही. मोजा एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा. थंडी वाजते म्हणून दोन मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतात. थर्मलची पँट मोज्यात खोचू नये, बुटात तिची घडी तासाभरात नडगी सोलते. आणि स्की चढवण्याआधी बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीने किंवा बाइंडिंगच्या कडेवर घासून काढावाच. तो राहिला तर बाइंडिंगची कळ लागल्यासारखी वाटते आणि भलत्याच वेळी सुटते.

हेल्मेट मागून घ्यावं लागतं, न मागता सगळीकडे मिळतंच असं नाही. त्यावर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० असा सुरक्षा-मानकाचा शिक्का असतो. पट्टा न लावता डोकं हलवलं तरी जागचं हलू नये, कपाळ उघडं राहू नये. दुचाकीचं हेल्मेट इथे उपयोगाचं नाही. ते जड असतं, मागून येणाऱ्याची हाक ऐकू येत नाही आणि वर गॉगल बसत नाही.

उतारावर कसं वागायचं याचे दहा नियम आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये केले आणि जगभर तेच मानले जातात. त्यांतला सगळ्यात महत्त्वाचा असा: वरून येणाऱ्याची जबाबदारी. खालच्याला पाठीला डोळे नसतात, म्हणून त्याला चुकवणं हे नेहमी वरच्याचं काम. ‘बाजूला व्हा, बाजूला व्हा’ असं ओरडत खाली येणं हा नियम नाही. ओलांडायचं तर डावीकडून-उजवीकडून कसंही, पण इतकं अंतर राखून की खालचा अचानक आडवा वळला तरी धक्का लागू नये, आणि नवशिका तर आडवा वळणारच. थांबायचं ते कडेला. चिंचोळ्या जागी, किंवा उंचवट्याच्या खाली जिथे वरून दिसत नाही, तिथे थांबणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. चुकून तिथेच पडलात तर आधी बाजूला सरका, मग हसा, मग फोटो. थांबून पुन्हा निघताना वर बघायचं, दुचाकी रस्त्यावर घेताना मागे बघतो तसं.

स्की न करणाऱ्यांसाठी एक नियम आहे आणि तो आपल्याकडच्या सहलींना सगळ्यात जास्त लागू आहे. गुलमर्गच्या खालच्या उतारांवर स्कीवाल्यांइतकीच गमबूट आणि भाड्याचा लांब कोट घातलेली माणसं असतात. स्लेज ओढणारे असतात. सगळा परिवार उताराच्या मधोमध रांगेत उभा राहून फोटो काढतो, तेव्हा वरून येणारा शिकाऊ पोरगा थांबू शकेलच याची खात्री कोणाला नसते. पायी चालायचं ते कडेकडेने. मधून चाललं की बुटाचे खोल खड्डे पडतात, रात्री ते गोठतात, आणि सकाळी एखाद्याची स्की त्यात अडकते. आजी-आजोबा खालीच थांबणार असतील तर त्यांची खुर्ची उताराच्या तळाशी सरळ रेषेत ठेवू नका, बाजूला ठेवा. ही साधी गोष्ट पाळली जात नाही याचं वाईट वाटतं, कारण तिला पैसे लागत नाहीत की कौशल्य.

स्नोबोर्ड घेणाऱ्यांना थोडं वेगळं सांगायला हवं. दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेले असल्याने पाठीमागची बाजू दिसतच नाही, म्हणून टाचेकडे वळण्याआधी खांद्यावरून मान वळवून बघणं सक्तीचं समजावं. नवखा बोर्डवाला हातांवर पडतो आणि मनगट मोडतं. मनगटाचे गार्ड घालावेत, मूठ मिटून कोपरापुढच्या पूर्ण हातावर पडावं. माकडहाडासाठी गादीची चड्डी मिळते, पहिल्या तीन दिवसांत तिची किंमत कळते. बोर्ड पायातून काढला की बाइंडिंग खाली करून उलटा ठेवायचा, सुलटा ठेवला तर तो निघून जातो.

चेअरलिफ्टवर बसताना काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून दोन्ही काठ्या एका हातात घ्याव्यात. ओढणी, मफलर, कॅमेऱ्याचा पट्टा जॅकेटच्या आत. वर पोहोचताना स्कीची टोकं वर उचलायची आणि उतरल्यावर लगेच पुढे सरकायचं, कारण मागची खुर्ची थांबत नाही. ओढून नेणाऱ्या लिफ्टवर बसायचं नसतं, उभं राहून ओढून घ्यायचं असतं. पडलात तर दांडा सोडून वाटेतून बाजूला लोळा.

कपड्यांचं सोलापूरकराला चटकन समजेल असं आहे. आपला टॉवेल चांगला का, तर सूत पाणी पटकन शोषतं आणि धरून ठेवतं. बर्फावर हाच गुण अंगाशी येतो. सुती बनियन, जीन्स घामाने भिजली की वाळत नाही, आणि लिफ्टच्या रांगेत उभं राहिलं की वाऱ्याने अंगातली ऊब काढून घेते. अंगालगत पॉलिएस्टर किंवा लोकरीचा थर्मल, त्यावर फ्लीस, बाहेर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट-पँट. हातमोजे वॉटरप्रूफ, लोकरीचे विणलेले नकोत. बोटं बधिर होऊन पांढरी पडली तर चोळायची नाहीत, बर्फ लावायचा नाही, शेकोटीवर धरायची नाहीत. आत जाऊन काखेत धरून हळूहळू गरम करायची.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर, गुलमर्ग सुमारे २६५० वर, आणि गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत नेतो. विमानाने श्रीनगर, दुपारी गुलमर्ग, दुसऱ्या सकाळी अफरवट असा कार्यक्रम आखला की डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असं होऊ शकतं. पहिला दिवस खालीच काढावा. डोकं दुखत असताना वर चढू नये. उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर वाट न बघता खाली उतरावं. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात शरीर लवकर गार पडतं आणि अंदाज चुकतो. ती संध्याकाळीही बेतानेच. पाण्याची बाटली जॅकेटच्या आत ठेवावी, बाहेर गोठते. खिशात शेंगाचटणीबरोबर कडक भाकरीचा तुकडा असावा, कोरडी असल्याने ती गोठत नाही आणि पोटाला आधार देते.

ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. म्हणून ऊन खालूनही लागतं: हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली. सनस्क्रीन तिथेही लावावं आणि दर दोन तासांनी पुन्हा. ढगाळ दिवशीही गॉगल काढू नये. बर्फाने डोळे भाजले तर ते लगेच कळत नाही, काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

तयारी इथूनच सुरू करावी, निदान सहा आठवडे आधी. कंबर तलावाचा सकाळचा फेरा चांगला, पण सपाट चालण्याने मांड्या तयार होत नाहीत. स्कीवर मांडीचे स्नायू सतत आवरून धरण्याचं काम करतात, त्यासाठी जिना सावकाश उतरणं चढण्यापेक्षा उपयोगी. भिंतीला पाठ टेकून गुडघे काटकोनात ठेवून ३० ते ६० सेकंद बसायचं, असं तीनदा. उठाबशा १५ च्या तीन फेऱ्या. एका पायावर डोळे मिटून उभं राहणं. आठवड्यातून तीन दिवस. मांड्या थकल्या की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकल्यावर काय होतं ते वर आलंच आहे. म्हणूनच दुपारी चारनंतरची ‘शेवटची एक फेरी’ टाळावी. तेव्हा उजेड सपाट होतो, खड्डा-उंचवटा दिसत नाही आणि दिवसा वितळलेला बर्फ पुन्हा कडक होऊ लागतो.

आता गोंडोलाचा दुसरा टप्पा. अफरवटवरून खाली येणारे उतार सहलीतल्या तासाभराच्या स्कीसाठी नाहीत. गुलमर्गची ख्याती त्या मोकळ्या, न दाबलेल्या बर्फामुळे आहे आणि धोकाही त्याच बर्फाचा आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग भागात हिमस्खलनात लष्कराचे १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर पोलंडचे दोन आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीपटू गेला. बर्फ माहीत असलेली माणसंही यातून सुटत नाहीत. हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. मोठी बर्फवृष्टी आणि वारा यांनंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, आणि नेमकं तेव्हाच ऊन पडून डोंगर सुंदर दिसतो. हद्दीच्या दोरीपलीकडे गस्त नसते, धोक्याचा बर्फ आधीच पाडून उतार मोकळा केलेला नसतो. तिकडे जायचंच तर माहितगार गाइड, प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सिव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारं रेडिओ-यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई) आणि फावडं, आणि ते वापरण्याचा सराव, हे चारही हवं. एकही कमी असेल तर बेत रद्द. गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तेवढ्यात खालून मदत पोहोचत नाही, सोबतचे चौघे काय करतात तेच उरतं. मोबाइल फोन ट्रान्सिव्हरपासून निदान २० सेंटिमीटर लांब ठेवावा, शोधताना ५०, नाहीतर संकेत बिघडतो.

देवदारासारख्या सदाहरित झाडांखाली आणखी एक सापळा असतो. फांद्यांच्या आडोशाने बुंध्याभोवती पोकळ, भुसभुशीत बर्फ राहतो. त्यात डोक्यावर पडलेल्याला स्वतःहून निघता येत नाही. झाडांत जायचं तर जोडीने, एकमेकांना दिसत-ऐकत, गळ्यात शिट्टी, पट्टे मनगटाबाहेर.

अपघात झाला तर पहिलं काम जागा सुरक्षित करणं: जखमीच्या दहा-पंधरा मीटर वर दोन स्की फुलीसारख्या उभ्या रोवायच्या आणि तिथे कोणाला तरी उभं करायचं. डोक्याला किंवा मानेला मार असेल तर हेल्मेट काढायचं नाही, उचलायचं नाही. पाय मोडल्यासारखा वाटला तरी बूट पायातच राहू द्यावा, तो आधार देतो. अंगाखाली-अंगावर जॅकेट घालावं. मदतीला जाणाऱ्याने नेमकी जागा, जखमी किती आणि कुठे लागलंय हे सांगावं. धडक झाली असेल तर चूक कोणाचीही असो, नाव-पत्ता दिल्याशिवाय निघून जाऊ नये.

फोनबद्दल: जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. गटात दोघांकडे तरी पोस्टपेड असावं आणि फोन आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी बसते. प्रवास विम्याच्या कागदात साहसी खेळ वगळलेत का ते निघण्याआधी वाचावं; बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात.

पडताना गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज आला आणि दोन-चार तासांत तो टम्म फुगला, तर दुसऱ्या दिवशी स्की नाही. बर्फाने शेकावं, पण कपडा मध्ये ठेवून, एका वेळी १५ ते २० मिनिटं; क्रेप बँडेज बांधावं, पाय उंचावर ठेवावा. घरी आल्यावर तेल लावून चोळून घेऊ नये. चालता येतंय म्हणून सोडून न देता हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं आणि कसा पडलो, गुडघा कुठल्या बाजूला पिळला हे नीट सांगावं. एमआरआय करायचा की नाही, हे ठरवताना त्यांना तेच उपयोगी पडतं.